दहा रुपयांच्या वरचं सोनं

शलमोन राजाची गलबतं सोनं भरायला नालासोपाऱ्याला यायची, असं एकोणिसाव्या शतकातल्या काही विद्वानांचं मत होतं. बायबलात ओफीर नावाच्या ठिकाणाचा उल्लेख आहे. तिथून राजाच्या माणसांनी 420 किक्कार सोनं आणलं. किक्कार साधारण 34 किलोचा धरला तर हे सोनं 14 टनांच्या वर जातं. ओफीर म्हणजे शूर्पारक, शूर्पारक म्हणजे सोपारा, अशी ती साखळी. दुसरे विद्वान ओफीरला अरबस्तानात नेतात, तिसरे आफ्रिकेत. त्यांचं ते बघून घेतील. आमच्या निर्मळ गावात मात्र हा ठराव केव्हाच मंजूर झालेला आहे, कारण सोपारा आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर आहे आणि आफ्रिका नाही. सकाळच्या लोकलला एक पाय डब्यात आणि एक हवेत ठेवून लटकणारा माणूससुद्धा शेजारच्याला सांगतो, "पूर्वी इथून सोनं जायचं." शेजारचा म्हणतो, "तेव्हा गाडीला जागा मिळत असेल."

एकदा सोनं आपल्या गावचं ठरलं की ते सगळंच काही गेलं नसणार, हा तर्क आपोआप येतो. निर्मळ, गास, भुईगाव, वाघोली, कुठल्याही वाडीत जा. एक जुनी चिंच अशी असतेच की जिच्या मुळाशी हंडा आहे. हंडा पोर्तुगीज आले तेव्हा पुरलेला असतो, नाहीतर पोर्तुगीज गेले तेव्हा. अमावास्येला तो जागा बदलतो. त्याचा आवाज ऐकलेला माणूस नेहमी सांगणाऱ्याच्या आजोबांच्या पिढीतला असतो आणि हंडा नेहमी शेजाऱ्याच्या हद्दीत सरकलेला असतो.

इतिहासाला विचारायला गेलं तर हंड्याची पंचाईत होते. मे 1739 मध्ये वसईच्या किल्ल्याने चिमाजी अप्पांपुढे शरणागती लिहून दिली, तेव्हा पोर्तुगिजांना निघून जायला आठ दिवसांची मुदत आणि जंगम मालमत्ता बरोबर न्यायची मुभा मिळाली होती. आठ दिवस हाताशी असताना कोण शहाणा सोनं चिंचेखाली पुरेल आणि कपड्यांच्या पेट्या घेऊन गोव्याला जाईल? मागे राहिल्या त्या चर्चच्या अवजड घंटा. त्या मराठ्यांनी उचलल्या आणि पार भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळाला नेऊन टांगल्या. दोन्ही बाजूंनी इतका चोख आवराआवरीचा कार्यक्रम झाल्यावर आमच्या वाट्याला हंडा उरला असेल, यावर फक्त आमचाच विश्वास बसू शकतो.

आमचा भाचा कॅलिफोर्नियात असतो. आठवड्याचे पाच दिवस तो सॉफ्टवेअरचं काहीतरी करतो आणि शनिवार-रविवारी सोनं शोधतो. पोटासाठी नव्हे, हौस म्हणून. आपल्याकडे हौशी रंगभूमी असते तसे तिकडे हौशी सोनेशोधक असतात. 24 जानेवारी 1848 रोजी कोलोमा या गावी लाकूड कापायच्या गिरणीच्या पाटात जेम्स मार्शल या सुताराला पिवळे कण दिसले आणि पुढे अर्धं जग तिकडे धावलं. ती जागा आता सरकारी उद्यान आहे. तिथे नदीत उकिडवं बसून, रेतीने भरलेली परात पाण्याखाली गोल गोल हलवत राहायचं. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, साधी रेती जेमतेम अडीच पट. त्यामुळे रेती पाण्याबरोबर काठावरून निघून जाते आणि सोनं तळाशी बसून राहतं. असलं तर. भाच्याची परात प्लास्टिकची आणि हिरवी आहे, कारण हिरव्यावर पिवळा कण पटकन नजरेत भरतो. शिवाय गुडघ्यापर्यंतचे बूट, चाळण्या, चिमटे, भिंग आणि एक मेटल डिटेक्टर. एवढ्या सगळ्यातून आजवर जमलेलं सोनं त्याने काचेच्या बोटभर कुपीत ठेवलं आहे. कुपी उलटी केली की कण खाली यायला लागतात आणि आपल्याला नेमकी तेव्हाच शिंक येऊ नये म्हणून घरातले सगळे श्वास रोखून उभे राहतात.

मला खरं कौतुक वाटलं ते या खेळाच्या नियमांचं. उद्यानात फक्त हात आणि परात. फावडं नेलंत तर चालणार नाही. माणशी दिवसाला 15 पौंडांपेक्षा जास्त माल उचलायचा नाही. सरकारी जंगलात जरा सैल असतं, पण कुणी आधी आपला हक्क नोंदवलेला पट्टा असेल तर तिथे परात बुडवायची नाही आणि खणलेला खड्डा बुजवून यायचं. नदीचा तळ शोषून काढणाऱ्या यंत्रावर 2009 पासून बंदी, कारण माशांच्या अंड्यांची नासाडी होते. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात तर थोडे पैसे भरले की दहा वर्षांचा परवाना मिळतो. हाताची हत्यारं घेऊन खुशाल हिंडा, सापडेल ते तुमचं. तिथे 1869 मध्ये मोलियागुल गावाजवळ दोघा खाणकामगारांना जमिनीच्या जेमतेम बोटभर खाली 70 किलोंच्या वरचा सोन्याचा गोळा लागला होता. तेव्हापासून ते लोक चालताना खाली बघतात. आपणही खाली बघूनच चालतो, पण ते गटाराच्या झाकणासाठी.

कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची यात्रा भरते. शंकराचार्यांच्या समाधीचं दर्शन, तळ्याकाठची गर्दी, दुकानं, पाळणे. यंदा भाचा यात्रेला आला तो बॅगेत परात घेऊन. पहिल्याच संध्याकाळी त्याने विचारलं, "मामा, इथे पब्लिक लँडवर सोनं शोधायचे रूल्स काय आहेत?"

मी म्हटलं, "बाळा, इथे पब्लिक लँडवर रूल नसतो, टपरी असते."

दुसऱ्या दिवशी तो कळंबच्या किनाऱ्यावर गेला. ओहोटी होती. परात फिरवली आणि तळाशी काळीशार रेती चमकायला लागली. तो आनंदला, तिकडे म्हणे काळी रेती लागली की सोनं जवळ असतं. पाच मिनिटांत भोवती माणसं जमली. एकाने विचारलं, "काय पडलं?" दुसऱ्याने सांगितलं, "मंगळसूत्र." तिसरा थेट शोधायलाच लागला. चौथ्याने, कुठलीही वस्तू हरवली की आपल्याकडे जो प्रश्न हमखास येतो, तो विचारला: "शेवटचं कुठे बघितलं होतं?" शेवटी भाच्याने खिशातून लोहचुंबक काढला आणि सगळी काळी रेती त्याला जाऊन चिकटली. लोखंडाचं खनिज. आमचे डोंगर, किनारे, सगळं काळ्या फत्तराचं, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्ह्याचं. सोन्याच्या शिरा सापडतात त्या याहून कितीतरी म्हाताऱ्या खडकांत, कर्नाटकात कोलार-हट्टीकडे, नाहीतर आपल्या नागपूर-भंडाऱ्याच्या पट्ट्यात. सह्याद्रीच्या पोटात मिळतात गारगोट्या. झिओलाइटचे सुंदर स्फटिक. परदेशी संग्राहक त्यांच्यासाठी डॉलर मोजतात आणि सिन्नरला त्यांचं संग्रहालय आहे. पण गारगोटीचं स्वप्न पाहून कोणी दचकून उठल्याचं ऐकिवात नाही.

परात फिरवणं आपल्याला नवीन नाही, हेही त्याला सांगायला हवं होतं. पूर्व विदर्भात आणि पलीकडच्या छत्तीसगडात सोनझारी लोक पिढ्यान्‌पिढ्या नद्यांची रेती लाकडी उथळ भांड्यांत धुऊन सोनं काढत आले. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 च्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात त्यांची नोंद आहे. मुंबईत झवेरी बाजारात कारागिरांच्या खोल्यांतली धूळ विकत घेऊन ती धुणारे झारेकरी आहेत. सोनाराच्या चटईवरची, पायपुसण्यावरची, न्हाणीच्या मोरीतलीसुद्धा धूळ वाया जात नाही. हे लोक दिवसभर कमरेत वाकून जे करतात तेच भाचा सुट्टीच्या दिवशी पैसे खर्चून करतो, एवढाच काय तो फरक. त्यांना कुणी हौशी म्हणत नाही.

संध्याकाळी ओट्यावर आमचे शेजारी, निवृत्त तलाठीकाका येऊन बसले. त्यांना नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, कलमांमधून अजून झालेली नाहीत. भाच्याने त्यांना तोच प्रश्न विचारला आणि तलाठीकाकांचा चेहरा उजळला. इतकी वर्षं लोकांनी त्यांना फक्त सातबारा मागितला होता.

"आधी ठरव," ते म्हणाले, "सापडलेलं सोनं घडवलेलं आहे की न घडवलेलं. न घडवलेलं असेल तर 1957 चा खाणी आणि खनिजांचा कायदा. घडवलेलं असेल तर 1878 चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा."

"न घडवलेलं, अंकल. नदीतलं."

"मग पूर्वेक्षणाचा परवाना कुठे आहे तुझा?"

त्या कायद्यात पूर्वेक्षणाची व्याख्या अशी ऐसपैस आहे की खनिज शोधण्यासाठी केलेलं कुठलंही काम तिच्यात बसतं. प्लास्टिकची परात तिच्यातून वगळल्याचं कुठे लिहिलेलं नाही. परवान्याशिवाय केलंत तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाखांपर्यंत दंड. "परात किती हेक्टरची आहे?" तलाठीकाकांनी गंभीरपणे विचारलं. भाच्याने दोन्ही हातांनी व्यास दाखवला. काका मनातल्या मनात भागाकार करत राहिले.

रीतसर जायचं म्हटलं तर 2015 पासून लिलाव आहे. देशातली सोन्याची पहिली खाण लिलावात गेली ती 2016 मध्ये, छत्तीसगडातली बाघमारा, आणि ती घेतली वेदांता कंपनीने. म्हणजे भाच्याला हौस भागवायची असेल तर समोर बोली लावायला असले लोक असणार. "आणि माझ्या स्वतःच्या जमिनीत निघालं तर?" मी मध्येच विचारलं. त्यावरही काकांकडे उत्तर होतं. केरळातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं की जमिनीखालच्या खनिजावर सर्वसाधारणपणे जमीनमालकाचाच हक्क असतो. मी सरसावून बसलो. "पण," काका म्हणाले, "काढायचं तर परवाना लागतोच." म्हणजे सोनं माझं, फक्त हात लावायचा नाही. आमच्या घरात बायकोच्या दागिन्यांबाबत माझी हीच कायदेशीर स्थिती आहे, त्यामुळे मला ते लगेच समजलं.

"डोंगरावर जाऊ का? तुंगारेश्वरला?"

"अभयारण्य आहे ते, 2003 पासून. तिथून काही उचलायचं तर वन्यजीव कायदा."

"मग वसईच्या किल्ल्यात डिटेक्टर—"

"पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक. खणायचं तर सोडच, शंभर मीटरच्या आत घराची भिंत बांधता येत नाही. आणि किनाऱ्यावरची रेती सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात येते. आज सकाळी तू जे केलंस ते मी बघितलेलं नाही."

भाचा हिरमुसला. त्याने त्यांना नदी शोषणाऱ्या यंत्रांवरच्या कॅलिफोर्नियातल्या बंदीबद्दल सांगितलं; आपल्याकडे तरी असलं काही नसेल, अशी त्याला आशा होती. ओट्यावरचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वैतरणा खाडीत रात्री सक्शन पंप लावून रेती उपसतात, पंप पकडले जातात, जाळले जातात, पुन्हा दिसतात, रेल्वेच्या पुलाला धोका म्हणून बातम्या येतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तिकडचे लोक रेती टाकून सोनं घेतात. इकडचे लोक रेतीच घेतात. धंदा कुणाला जास्त कळतो, हे मी भाच्याला वेगळं सांगितलं नाही.

मग विषय ओघाने पायाळूवर आला. जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाला जमिनीतलं धन दिसतं, हा समज आपल्याकडे जुना आहे. डोळ्यांत काजळ घालायचं, मध्यरात्री त्याला पुढे घालायचं, आणि तो थांबेल तिथे कुदळ मारायची. भाचा खूश झाला. बॅटरी लागत नाही असा मेटल डिटेक्टर त्याने प्रथमच ऐकला. पण या शास्त्राचे दिवस भरले आहेत. एक तर हल्ली पोरं सिझेरियनने होतात, त्यामुळे पायाळूंचं उत्पादनच घटलं. दुसरं म्हणजे 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार केले तर त्यात किमान सहा महिन्यांची कैद आहे, कमाल सात वर्षांची. हा कायदा व्हायलाच हवा होता, कारण गुप्तधनाच्या नादात आपल्याकडे खरोखरचे बळी गेलेले आहेत. तिथे विनोद संपतो.

स्वप्नाला मात्र कुठल्याच कायद्यात बंदी नाही. 2013 मध्येच उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात दौंडियाखेडा गावी शोभन सरकार या साधूला स्वप्न पडलं की तिथल्या पडक्या किल्ल्याखाली हजार टन सोनं आहे. आपल्याला पडतात तशीच स्वप्नं साधूला पडतात. फरक असा की त्याच्या स्वप्नानंतर पुरातत्त्व खात्याची माणसं कुदळी घेऊन आली. बघ्यांची जत्रा लोटली, वाहिन्यांच्या गाड्या लागल्या, खाण्याच्या गाड्या लागल्या. खाली निघाली खापरं, जुन्या भिंती, असलंच काही. सोनं निघालं नाही. त्या दिवसांत तिथे ज्याने भज्यांची कढई लावली असेल, त्याच्यावरून सोन्याची खाण कशाला म्हणतात ते कळावं.

आता गंमत बघा. आमच्या भागात जमिनीखालून खरोखरच सोनं निघालेलं आहे, आणि काढणाऱ्याला ते नकोच होतं. सोपाऱ्याला मातीचा एक मोठा ढिगारा होता. लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. टोपल्या विणणाऱ्या राजाकडे काय असणार म्हणून बहुधा कुणी तो फारसा उकरला नसावा. 1882 च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी तिथे खणायला आले. मूळचे जुनागढचे, शिलालेखांचे गाढे अभ्यासक, मुंबईत डॉ. भाऊ दाजींबरोबर काम केलेले. ढिगारा निघाला बौद्ध स्तूप. मधोमध विटांच्या चौकोनात दगडाची गोल पेटी. तिच्यात बुद्धमूर्तींच्या कोंडाळ्यात तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, मग दगडाची, मग स्फटिकाची आणि सगळ्यांत आत सोन्याची. डब्यांच्या मधल्या जागेत सोन्याची फुलं आणि सातवाहन राजाचं चांदीचं नाणं.

आणि त्या सगळ्यात आतल्या सोन्याच्या डबीत काय? मातीच्या भांड्याचे तेरा बारके तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, असं पंडितांचं अनुमान. म्हणजे ज्यांनी ते पुरलं त्यांच्या हिशेबी सोनं हे वेष्टन होतं आणि माल म्हणजे खापऱ्या. एखाद्या पायाळूने ही पेटी उघडली असती तर खापऱ्या झटकून डबी घेऊन तो थेट झवेरी बाजार गाठता. भगवानलालांनी प्रत्येक फूल नोंदवलं, सगळ्यावर निबंध लिहिला, आणि ते सगळं मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत गेलं. त्याच वर्षी त्यांना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे 1956 मध्ये नवव्याचा तुकडा आमच्या शेजारच्या भुईगावात निघाला. इतकी वर्षं ज्या दगडाजवळून आमची माणसं हंडा शोधत गेली, त्यावर सम्राटाने लिहिलेलं होतं.

भाच्याच्या मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात वाडीत केळीचे मुनवे काढायचं काम चालू होतं. कामाला येणाऱ्या बाईच्या कुदळीला काहीतरी लागलं. तिने ते पाण्यात विसळलं आणि सरळ आणून मोठ्या काकूच्या हातावर ठेवलं. सोन्याची कुडी. मोती गेलेला, सोनं शाबूत.

भाचा धावत आला. तलाठीकाका कुंपणावरून आले. "घडवलेलं आहे," ते म्हणाले, "1878." त्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांच्या वरचा कुठलाही निधी जमिनीत सापडला की सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचं: काय, कुठे, कधी. दहा रुपये ही रक्कम कुणी बदललेलीच नाही. 2025 मध्ये दहा ग्रॅम सोन्याने लाख ओलांडला. त्या भावाने दहा रुपयांत एक मिलिग्रॅम येतं, म्हणजे काकूच्या कुडीचा फिरकीचा आटाही कलेक्टरच्या कक्षेत. मग कलेक्टर जाहीर सूचना काढणार, दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देणार. मालक नाहीच ठरला तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचं, एक चतुर्थांश जमीनमालकाचं. लपवलं तर सापडणाऱ्याला वर्षापर्यंत कैद. मुनवे काढणारी बाई हे ऐकून दोन पावलं मागे सरली.

"मालक नाही कसा?" काकू म्हणाली. "माझी आहे ती. मोगऱ्याचा वाफा होता इथे तेव्हा पडली."

"वहिनी, शंभर वर्षांच्या आतलं असेल आणि कोणी आपलं म्हणत असेल, तर दिवाणी कोर्टात दावा लावून सिद्ध करावं लागतं," काका म्हणाले. "मुळात ती पुरलेली की हरवलेली, हाही मुद्दा निघेल. पावती आहे का?"

"आजी, जोडीतली दुसरी आहे ना? ती एव्हिडन्स म्हणून दाखवू," भाचा म्हणाला.

काकूने कुडी पदराला पुसली. "एक हरवली म्हणून सासूबाई उठता-बसता बोलायच्या. रागाने दुसरी मी विहिरीत टाकली. कुणाला सांगितलं नव्हतं." मग तिने तलाठीकाकांकडे पाहिलं. "तुम्ही कलेक्टरला लिहाच, भाऊजी. त्यांची माणसं येणारच असतील तर विहीर उपसून घ्या म्हणावं. कुडी मिळेल तेव्हा मिळेल; गाळ काढायला माणूस मिळत नाहीये तीन उन्हाळे."